मायएस्क्यूएल ८ : फील्डचे टाइप, कीची लांबी आणि आपला मराठी डेटा (साडेतीन स्टार)

आधीच सांगतो, मायएस्क्यूएलला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, आणि हे स्टार स्पीड, बॅकअप, रेप्लिकेशन असल्या गोष्टींचे नाहीत, त्यावर लिहिणारे ढिगाने आहेत. मी एवढंच बघतोय की टेबल बनवताना फील्डचा टाइप निवडायचा आणि इंडेक्ससाठी (शोध पटकन लागावा म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची) कीची, म्हणजे त्या सूचीत जाणाऱ्या मजकुराची, लांबी ठरवायची, हे काम या प्रॉडक्टमध्ये कितपत सरळ होतं, आणि डेटा मराठी असला की काय काय होतं. पतसंस्था, हाउसिंग सोसायटी, दुकानाचं बिलिंग, क्लासची फी असली सॉफ्टवेअरं करणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच लोकांची गाठ याच डेटाबेसशी पडते, कारण फुकट आहे, स्वस्तातल्या स्वस्त होस्टिंगवर मिळतो आणि पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडलं की माउसने टेबल तयार होतं.

गोची तिथूनच सुरू होते. तो फॉर्म डोळ्यासमोर आणा. पहिल्या रकान्यात नाव, मग टाइप, आणि शेजारी ‘लेंग्थ/व्हॅल्यूज’ नावाचा एक छोटा डबा. डबा एकच, पण टाइप बदलला की त्याचा अर्थ बदलतो आणि हे स्क्रीनवर कुठे नीट कळत नाही. व्हारचारला (कमी-जास्त लांबीचा मजकूर) तिथे जास्तीत जास्त किती कॅरेक्टर ते लिहायचं, डेसिमलला एकूण अंक किती आणि त्यातले पॉइंटनंतरचे किती ते, ईनमला चक्क यादी, आणि इन्टला, म्हणजे पूर्णांकाला? इन्टला तिथे काहीही लिहा, काडीचा फरक पडत नाही.

इन्ट(११) चं प्रकरण म्हणूनच सगळ्यात वैतागवाणं. कंसात ११ आहे म्हणजे अकरा आकडी नंबर मावणार असं मानून चालणारे दहा-दहा वर्षं एक्सपिरियन्सवाले पण भेटतात. मावत नाही हो. इन्ट(१) लिहा नाहीतर इन्ट(११), जागा चारच बाइट आणि वरची मर्यादा २,१४,७४,८३,६४७ हीच. तो कंसातला आकडा नुसता दाखवायच्या रुंदीचा, त्यातही झिरोफिल (आकड्याआधी शून्यं भरून दाखवणं) लावलं तरच त्याचा काही उपयोग. ८.०.१७ पासून त्यांनी स्वतःच हा प्रकार डेप्रिकेट केला, म्हणजे वापरू नका असं जाहीर केलं, आणि त्यानंतरच्या व्हर्जनमध्ये शो क्रिएट टेबल मारलं की नुसतं इन्ट दिसतं, टायनीइन्ट(१) सोडून. हे वीस वर्षं आधी करायला हवं होतं.

आता या गैरसमजाचा आपल्याकडचा खास परिणाम बघा. आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. साइन्ड (उणे आकडे पण घेणारा) इन्ट २१४ कोटींवर थांबतो, अनसाइन्ड (उणे न घेणारा) केला तरी ४,२९,४९,६७,२९५ वर. म्हणजे देशातला एकही मोबाइल नंबर इन्टमध्ये बसू शकत नाही, अगदी एकही नाही. आणि स्ट्रिक्ट मोड (न बसणारा डेटा नाकारायची सेटिंग) बंद असेल तर मायएस्क्यूएल एरर पण देत नाही, गुपचूप मर्यादेचा आकडा भरतो आणि एक वॉर्निंग टाकून मोकळा होतो, जी शो वॉर्निंग्ज मारल्याशिवाय कुणी बघत नाही. एका पतसंस्थेची जुनी सभासद यादी माझ्याकडे आली होती दुसऱ्या कुणीतरी केलेल्या सिस्टिममधून, तिच्यात वरपासून खालपर्यंत प्रत्येकाचा मोबाइल २१४७४८३६४७. आणि हा आकडा पण नेमका दहा आकडी, त्यामुळे एकेक पावती सुटी बघणाऱ्या क्लार्कला संशय यायचं कारणच नव्हतं, एसएमएस जात नाहीत म्हणून मात्र सगळे कंपनीला शिव्या घालत होते. ते नंबर परत मिळणं शक्यच नव्हतं, सभासदांकडून कागदावर नव्याने गोळा करावे लागले.

५.७ पासून स्ट्रिक्ट मोड डीफॉल्टने चालू असतो, असला नंबर घातला तर सरळ आउट ऑफ रेंज म्हणून एरर येते. ह्या एका गोष्टीसाठी मी अर्धा स्टार वाढवलाय. पण बऱ्याच होस्टिंगवाल्यांनी जुन्या साइटी तुटू नयेत म्हणून तो बंद करून ठेवलेला असतो, ते बघून घ्या.

माझा नियम असा की ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधी करणार नाही तो आकडा नव्हेच, तो मजकूर. मोबाइल, बँकेचा खाते नंबर, पुण्याचा ०२० आणि मुंबईचा ०२२, आधार, सगळं चार (CHAR, ठरलेल्या लांबीचा मजकूर) किंवा व्हारचारमध्ये. सुरुवातीचं शून्य इन्टमध्ये टिकत नाही. जीएसटी नंबरात सुरुवातीला राज्याचा कोड असतो, आपला २७, गोव्याचा ३०, ते ठीक, पण उत्तर प्रदेशचा ०९ आहे, तो वेगळ्या फील्डमध्ये इन्ट म्हणून ठेवला की झाला ९, आणि मग कुठल्यातरी रिपोर्टात जोडताना नंबर पंधराऐवजी चौदाच अक्षरांचा निघतो. यांच्या लांब्या पक्क्या असतात त्यामुळे चार हा टाइप वापरायला हरकत नाही: पॅन १०, आयएफएससी ११, जीएसटी १५. आणि त्यांना कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटात साठवायची पद्धत) आस्की, म्हणजे नुसत्या इंग्रजी अक्षर-आकड्यांचा, लावा, म्हणजे इंडेक्समध्ये एका अक्षराला एकच बाइट मोजला जातो, चार नाही. पिनकोड तेवढा अपवाद करता येतो कारण तो शून्याने सुरू होत नाही, मीडियमइन्ट अनसाइन्डमध्ये तीन बाइटात बसतो, पण मी तरी चार(६) च ठेवतो, उगाच एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा नको. सातबाऱ्याचा गट नंबर तर १२३/२/अ असा पण असतो, तिथे इन्ट टाकणाऱ्याला गावातला तलाठीच भेटवायला हवा.

पैशाबद्दल थोडक्यात. फ्लोट (अंदाजे साठवला जाणारा अपूर्णांक) वापरू नका. पटत नसेल तर एक फ्लोटचं फील्ड करा, त्यात १२३४५६७.८९ टाका आणि सिलेक्ट करून बघा, १२३४५७० दिसेल. सव्वाबारा लाखांच्या ठेवीत दोन रुपये अकरा पैसे हवेतून आले. डेसिमल(१२,२) घ्या, सहा बाइट लागतात, म्हणजे आठ बाइटवाल्या डबलपेक्षा कमीच, आणि ९९९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९९ रुपये ९९ पैशांपर्यंत पैसा न पैसा जुळतो. तालुक्याच्या पतसंस्थेला एवढं पुरतं.

आता मजकुराकडे येतो, खरी मजा आणि खरा मनस्ताप तिथे आहे.

व्हारचार(३०) म्हणजे मायएस्क्यूएलमध्ये तीस कॅरेक्टर, तीस बाइट नव्हे. हे आपल्यासाठी फार मोलाचं आहे. ओरॅकलमध्ये व्हारचार२(३०) लिहिलं की डीफॉल्टने तीस बाइट धरतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिपी साठवायची पद्धत) तीन बाइट खातं, म्हणजे तिथे ‘महाराष्ट्र’ एवढं लिहिलं की फील्ड काठोकाठ भरलं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टाइपच्या आधी एन लावायला विसरलात, साधं व्हारचार ठेवलंत, तर नेहमीच्या कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचे नियम) मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. त्या मानाने इथे सुखाचं आहे.

फक्त कॅरेक्टर म्हणजे आपण बोटावर मोजतो ते अक्षर नव्हे. ‘महाराष्ट्र’ आपल्या हिशोबाने चार अक्षरं, म, हा, रा, ष्ट्र. मायएस्क्यूएलला कॅर लेंग्थ विचारा, १० सांगेल, कारण प्रत्येक काना, प्रत्येक हलन्त वेगळा मोजला जातो, आणि नुसतं लेंग्थ विचारलं तर बाइट मोजून ३० सांगेल. त्यामुळे इंग्रजी नावांच्या अंदाजाने लांबी ठेवली की जोडाक्षरवाले लोक बाहेर राहतात. जिल्ह्याचं फील्ड हे याचं नामी उदाहरण. ‘औरंगाबाद’ला ८ कॅरेक्टर लागायचे, कुणीतरी हिशोबाने व्हारचार(१५) ठेवलं, भरपूर वाटलं, आणि २०२३ मध्ये जिल्हा झाला ‘छत्रपती संभाजीनगर’, मधल्या स्पेससकट १७ कॅरेक्टर. इंग्रजी स्पेलिंग तर २५ चं. स्ट्रिक्ट मोड असेल तर एरर, नसेल तर दाखल्यावर ‘छत्रपती संभाजीन’ छापून येणार. जिल्ह्याच्या नावासाठी मी डोळे मिटून ६० ठेवतो, व्हारचार आहे, जेवढं भराल तेवढीच जागा डिस्कवर जाते.

मग कुणी म्हणेल की एवढंच आहे तर सगळीकडे व्हारचार(२५५) टाकून मोकळं का होऊ नये. बरेच जण टाकतात, आणि डिस्कपुरतं बघितलं तर चालतं पण. पण ८ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये ग्रुप बाय किंवा सॉर्टसाठी मेमरीत तात्पुरतं टेबल बनलं की तिथे पूर्ण लांबी धरली जायची, म्हणजे तीन कॅरेक्टरच्या आडनावाला पण २५५ गुणिले ४ एवढी जागा, असे दहा फील्ड असले की मेमरी संपून काम डिस्कवर जाणार आणि रिपोर्ट रेंगाळणार. ८ मध्ये नवं टेम्पटेबल इंजिन आलं, ते याबाबतीत शहाणं आहे. आणि दुसरं म्हणजे लांबी ही एक प्रकारची राखण असते. पॅनच्या फील्डमध्ये कुणी अख्खा पत्ता पेस्ट केला तर डेटाबेसनेच अडवायला हवं ना.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला फार उशिरापर्यंत कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवली नाही. व्हारचारच्या आधी लांबी लिहायला एक किंवा दोन बाइट लागतात, कमाल लांबी २५५ बाइटपर्यंत असेल तर एक, त्याच्यावर दोन. चार बाइटच्या कॅरेक्टर सेटमध्ये ही सीमा ६३ कॅरेक्टरवर येते, ६३ चोक २५२. म्हणून व्हारचार(४०) चं (६०) केलं तर आल्टर टेबल (टेबलाची रचना बदलायची कमांड) चुटकीसरशी होतं, आणि (५०) चं (१००) केलं तर अख्खं टेबल नव्याने कॉपी होतं, तोवर त्यावर लिहिणं बंद. टेबल मोठं असेल तर भर दुपारी हा उद्योग करू नका, काउंटरवरची लाइन रस्त्यावर येईल.

आणि आता तो यूटीएफ-८ चा घोळ, ज्यासाठी मी एक अख्खा स्टार कापलाय आणि तो परत देणार नाही. मायएस्क्यूएलमध्ये यूटीएफ८ नावाचा जो कॅरेक्टर सेट होता त्यात एका कॅरेक्टरला तीनच बाइट. खरं यूटीएफ-८ चार बाइटपर्यंत जातं. देवनागरी तीन बाइटात बसते म्हणून आपल्याला वर्षानुवर्षं काही जाणवलंच नाही, मराठी झकास चालत होतं, आणि मग लोक मोबाइलवरून इमोजी टाकायला लागले. इमोजी चार बाइटची. स्ट्रिक्ट मोड बंद असलेल्या जुन्या सर्व्हरवर काय व्हायचं तर इमोजीपासून पुढचा सगळा मजकूर उडून जायचा. म्हणजे गिऱ्हाइकाने लिहिलं ‘सर्व्हिस चांगली आहे’, मग अंगठा, मग ‘पण बिल दोनदा लावलं’, तर मालकाला दिसायचं ‘सर्व्हिस चांगली आहे’. मालक खूश.

मोडी लिपीवर काम करणाऱ्यांना तर हा मुद्दा इमोजीच्या गमतीपुरता नाही. मोडी २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये आली आणि तिची सगळी अक्षरं चार बाइटवाल्या भागात आहेत. जुन्या यूटीएफ८ फील्डमध्ये मोडीचं एक अक्षर पण जाणार नाही. जुन्या कागदपत्रांचं लिप्यंतर साठवायची सिस्टिम कुणी करत असेल तर हे पहिल्या दिवशी बघा.

यावर उपाय म्हणून २०१० मध्ये ५.५.३ व्हर्जनमध्ये यूटीएफ८एमबी४ आणलं, पण डीफॉल्ट करायला २०१८ उजाडलं, ८.० आलं तेव्हा. तोपर्यंत डीफॉल्ट काय, तर लॅटिन१ आणि सॉर्टिंग स्वीडिश, कारण कंपनी मूळची स्वीडनची. आणि कहर म्हणजे ८.० मध्ये पण नुसतं यूटीएफ८ लिहिलं तर अजून तीन बाइटवालंच मिळतं, वॉर्निंग तेवढी देतात. त्यामुळे टेबल बनवताना एमबी४ पूर्ण लिहा, आळस नको.

आता कीच्या लांबीवर. स्पेसिफाइड की वॉज टू लाँग, मॅक्स की लेंग्थ इज ७६७ बाइट्स, ही एरर ज्याने बघितली नाही त्याने मायएस्क्यूएल वापरलंच नाही असं समजा. इनोडीबीच्या (मायएस्क्यूएलचं डेटा साठवायचं नेहमीचं इंजिन) जुन्या रो फॉरमॅटमध्ये (ओळी डिस्कवर मांडायची पद्धत) इंडेक्समधल्या एका फील्डला ७६७ बाइटची मर्यादा. तीन बाइटवाल्या दिवसांत व्हारचार(२५५) चे ७६५ व्हायचे, दोन बाइट राखून बसायचं, म्हणून २५५ हा आकडा सगळ्यांच्या हातात बसला. एमबी४ आलं आणि तेच फील्ड १०२० बाइटचं झालं. इंडेक्स मोजताना तुमच्या डेटात इमोजी आहे की नाही हे कुणी बघत नाही, प्रत्येक कॅरेक्टरला चार बाइट गृहीत. मग ७६७ भागिले ४ करून आला १९१. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसने २०१५ मध्ये ४.२ व्हर्जनला एमबी४ घेतलं तेव्हा त्यांच्या इंडेक्समध्ये हा १९१ आला, आणि २०१७ मध्ये लाराव्हेल (पीएचपीचं फ्रेमवर्क) ५.४ आल्यावर तर डीफॉल्ट स्ट्रिंग लेंग्थ १९१ ही ओळ पोरांनी प्रत्येक प्रोजेक्टमध्ये चिकटवली. अजूनही चिकटवतात! गरज कधीच संपलीय. ५.७ मध्ये डायनॅमिक रो फॉरमॅट डीफॉल्ट झाला आणि मर्यादा ३०७२ बाइटवर गेली, म्हणजे एमबी४ मध्ये ७६८ कॅरेक्टर.

मग ८ वर आल्यावर पण ही ७६७ वाली एरर काहींना का येते? कारण टेबल जुनं आहे. सर्व्हर जागच्या जागी अपग्रेड केला तरी जुन्या टेबलचा रो फॉरमॅट कॉम्पॅक्टच राहतो. शो टेबल स्टेटस मारून बघा, कॉम्पॅक्ट दिसलं तर आल्टर टेबल करून रो फॉरमॅट डायनॅमिक करा, संपला विषय. हे डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, पण एररच्या मेसेजमध्येच एक ओळ घातली असती तर काय बिघडलं असतं.

३०७२ मोठी वाटते म्हणून हात सैल सोडू नका. ही मर्यादा पूर्ण कीला पण आहे, म्हणजे गाव, तालुका, जिल्हा आणि संस्थेचं नाव अशी चार व्हारचार(२५५) एकत्र करून युनिक की (तोच डेटा दुसऱ्यांदा न घेणारी) करायला गेलात तर ४०८० होतात आणि परत तीच एरर. इथे २५५ चा आळस अंगाशी येतो, गावाला ६०, तालुक्याला ६० ठेवलं असतं तर प्रश्न आला नसता.

काही लोक मग प्रीफिक्स इंडेक्स करतात, नावाची पहिली वीस कॅरेक्टरच इंडेक्समध्ये घ्यायची. इंग्रजी ईमेलला वगैरे ठीक. आपल्या संस्थांच्या नावांना अजिबात नाही. ‘महाराष्ट्र राज्य ’ एवढ्यालाच स्पेससकट १७ कॅरेक्टर गेले, उरलेल्या तिनात ‘सहक’ येतं, आणि महाराष्ट्र राज्य सहकारी अमुक, महाराष्ट्र राज्य सहकारी तमुक सगळे इंडेक्सच्या नजरेत एकच. सर्चला काही उपयोग नाही, आणि त्यावर युनिक लावलं असेल तर दुसरी संस्था भरताच येणार नाही, डुप्लिकेट म्हणून परत पाठवणार. किती कॅरेक्टर पुरतात ते अंदाजाने ठरवू नका, काउंट डिस्टिंक्ट मध्ये लेफ्ट घालून २०, ३०, ४० ला किती वेगळी नावं निघतात ते मोजा आणि एकूण वेगळ्या नावांशी ताडून बघा, मग ठरवा. लांबलचक यूआरएल युनिक ठेवायची असेल तर त्याचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढून बायनरी(३२) फील्डमध्ये ठेवा आणि युनिक त्याच्यावर लावा, बत्तीस बाइटात काम होतं. टेक्स्ट फील्डवर तर लांबी दिल्याशिवाय इंडेक्स होतच नाही, ते बरंच आहे.

प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची स्वतंत्र ओळख. इनोडीबीत टेबल हे प्रायमरी कीच्या क्रमाने रचलेलं असतं, आणि बाकीच्या प्रत्येक इंडेक्सच्या प्रत्येक नोंदीत प्रायमरी की परत लिहिलेली असते. हे डोक्यात बसलं की आपोआप की छोटी ठेवाविशी वाटते. हल्ली यूयूआयडीची (सगळीकडे वेगळा निघणारा लांब ओळख नंबर) फॅशन आहे, चार(३६) मध्ये ठेवतात. इन्टच्या चार बाइटच्या जागी छत्तीस, म्हणजे बत्तीस जास्त. टेबलला पाच इंडेक्स आणि एक कोटी ओळी असतील तर नुसत्या त्या पाच इंडेक्समध्ये १६० कोटी बाइट, जवळपास दीड जीबी, फुकट गेले, आणि ते रॅममध्ये पण जागा अडवणार. शिवाय रँडम यूयूआयडी असेल तर नवी ओळ टेबलात कुठेही मध्येच घुसते आणि पानं (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) फाटत राहतात. यूयूआयडी हवाच असेल तर बायनरी(१६) घ्या, ८ मध्ये यूयूआयडी टू बिन फंक्शन आलंय, त्याला दुसरा पॅरामीटर १ दिला तर मायएस्क्यूएलच्या स्वतःच्या यूयूआयडीतला वेळेचा भाग पुढे आणतं, म्हणजे नव्या ओळी बऱ्यापैकी शेवटी जातात. आयडिया चांगली आहे, याचे मार्क दिलेत.

उलट टोकाला जाऊन की फार लहान पण करू नका. टायनीइन्टवर (एक बाइटचा, १२७ पर्यंतचा) ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप पुढचा नंबर) लावलं की १२८ व्या ओळीला डुप्लिकेट एन्ट्री १२७ अशी विचित्र एरर येते आणि नवीन माणूस डुप्लिकेट शोधत बसतो. इन्ट पण संपतो हो. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये बेसकॅम्पवाल्यांचा (प्रोजेक्ट सांभाळायचं ऑनलाइन सॉफ्टवेअर) एका टेबलचा इन्ट २१४ कोटींवर पोचला आणि त्यांची सर्व्हिस पाचेक तास नुसती वाचण्यापुरती उरली, त्यांनी हे स्वतः जाहीर सांगितलं. आपल्या सोसायटीच्या मेंटेनन्स पावत्यांना इन्ट जन्मभर पुरेल, पण लॉग आणि नोटिफिकेशनच्या टेबलांना बिगइन्ट अनसाइन्ड, विचार न करता. आणि इन्सर्ट इग्नोर (एरर गिळून ओळ वगळणारी कमांड) वापरत असाल तर ओळ भरली नाही तरी नंबर जळू शकतो हे धरून चला.

फॉरेन कीला (एका टेबलातून दुसऱ्या टेबलाच्या ओळीशी जोडणारं फील्ड) आकड्यांचे दोन्हीकडचे टाइप तंतोतंत लागतात, एकीकडे इन्ट आणि दुसरीकडे इन्ट अनसाइन्ड असेल तर होत नाही. जुन्या व्हर्जनमध्ये याची एरर म्हणजे नुसता १५० हा आकडा, वाचून माणसाने काय बोध घ्यायचा देव जाणे. ८ मध्ये कुठलं फील्ड कुठल्याशी जुळत नाही ते नावानिशी सांगतात. आणि मोबाइल व्हारचारमध्ये ठेवला असेल तर क्वेरीत त्याला कोट लावा, कोट न लावता आकडा दिला तर इंडेक्स असूनही अख्खं टेबल चाळलं जातं. एक्स्प्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी कमांड) मारा आणि की लेन नावाचा रकाना बघा, नल (काहीच न भरलेलं) चालणारं व्हारचार(२५५) एमबी४ मध्ये १०२३ दाखवतं, नल न चालणारा इन्ट ४. तो रकाना रिकामा असेल तर इंडेक्स वापरलाच नाही. मला या प्रॉडक्टमधली सगळ्यात कामाची जागा हीच वाटते आणि तिकडे कुणी ढुंकून बघत नाही.

तारखांचं थोडं. टाइमस्टॅम्प चार बाइटचा आहे म्हणून गोड वाटतो, पण तो १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतो. लांबची गोष्ट वाटते? वीस वर्षांचं घरकर्ज २०२४ मध्ये दिलं असेल तर शेवटचा हप्ता २०४४ चा. आत्ताच एरर येईल. आणि १९७० च्या आधीची जन्मतारीख पण त्यात जात नाही, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांची स्कीम बोंबलली. तारखेला डेट, तीन बाइट, आणि वेळेसकट हवं तर डेटटाइम, तो ५.६.४ पासून पाच बाइटचा झालाय. तारीख व्हारचारमध्ये ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पहिल्यांदा सॉर्ट लावल्यावर त्यांचं त्यांनाच कळतं.

कोलेशनची एक चकवा देणारी गोष्ट, अपग्रेड करणाऱ्यांसाठी. ८ चं नवं डीफॉल्ट कोलेशन शेवटच्या स्पेसला किंमत देतं, जुनी देत नव्हती. म्हणजे आधी ‘पाटील’ आणि स्पेस लागलेलं ‘पाटील ’ एकच धरायचे, आता ते दोन वेगळे, आणि युनिक असलेल्या फील्डमध्ये दोन्ही आरामात शिरतात. सेव्ह करण्याआधी ट्रिम करा. आणि जुन्या यूटीएफ८एमबी४ युनिकोड सीआयमध्ये सगळ्या इमोजी एकमेकींच्या बरोबरीच्या आहेत, रिअ‍ॅक्शनच्या टेबलात इमोजीवर युनिक लावाल तर हसरा चेहरा गेल्यावर रडका जाणार नाही.

शेजारच्या दुकानांशी तुलना करायची तर पोस्टग्रेस या दुसऱ्या फुकट डेटाबेसमध्ये टेक्स्ट आणि व्हारचारमध्ये स्पीडचा फरक नाही, लांबीची डोकेदुखी कमी, चार बाइटचं यूटीएफ-८ नावाप्रमाणे चार बाइटचंच. पण तिथे अनसाइन्ड नाही, आणि इंडेक्सच्या एका नोंदीला तिथे पण साधारण २७०० बाइटची हद्द आहेच, फरक एवढाच की ती टेबल बनवताना कळत नाही, लांब मजकूर आला त्या दिवशी कळते. एसक्यूलाइट तर व्हारचार(१०) मध्ये हजार अक्षरं पण मुकाट घेतो. मोबाइल अ‍ॅपला ठीक.

साडेतीनचा हिशोब असा: कॅरेक्टरमध्ये लांबी मोजणं, चांगला डेसिमल, ८ मधला कडकपणा, सुधारलेल्या एरर यांचे मिळून साडेतीन, यूटीएफ८ नावाचा अजून चालू असलेला घोळ त्याचा एक कापला, आणि उरलेला अर्धा सगळीकडे कंसात काहीही लिहू देण्याच्या सवयीचा. नवीन काम सुरू करत असाल तर ८.४ घ्या, ती लाँग टर्म सपोर्टवाली आहे. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला तरी कितीतरी होस्टिंगवर अजून तेच चालू असतं, त्यामुळे पैसे भरायच्या आधी त्यांना दोन गोष्टी विचारा, व्हर्जन कुठलं आणि स्ट्रिक्ट मोड चालू आहे का. सपोर्टवाल्याला दुसरा प्रश्न कळलाच नाही तर दुसरं होस्टिंग बघा.